गर्दी ओसरल्यावरचं विमान: मोरजीच्या एका गेस्ट हाऊसमालकांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेडणे तालुक्यात मोरजीला १२ खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. २० डिसेंबर ते ५ जानेवारी दाराशी आलेल्याला परत पाठवावं लागतं आणि १० जानेवारी उलटली की चार खोल्या भरताना नाकी नऊ येतात. त्यांनी विचारलंय: "इंग्लंड-रशियाची विमानं अर्धी रिकामी उतरतात असं टॅक्सीवाले सांगतात. खरं असेल तर कंपन्या तिकीट का उतरवत नाहीत? फेऱ्याच बंद करतील का? आणि फेब्रुवारी-मार्चचे माझे दर आत्ताच निम्मे करून टाकू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचा पैसा आहे. दर निम्मे करू नका. विमान कंपनी जे करत नाही ते तुम्हीही करू नये, आणि दोघांचं कारण एकच आहे. ते समजायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

मी नऊ वर्षं मुंबईत एका विमान कंपनीच्या दर ठरवणाऱ्या खात्यात होतो. त्यानंतर चौदा वर्षं गोव्यात चार्टरची, म्हणजे सहल कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या विमानांची, हाताळणी केली. म्हणजे विमान उतरलं की पाहुण्यांना बसमध्ये बसवून हॉटेलात पोचवायचं आणि पंधरा दिवसांनी परत विमानापर्यंत आणायचं. जानेवारीचा पहिला आठवडा मी दाबोळी विमानतळावर कितीतरी वेळा उभा राहून पाहिलाय. बाहेर आमच्या पाच बसेस रांगेत असायच्या. कांदोळीच्या पाटीची बस अकरा माणसं घेऊन निघायची, एक बस तशीच वास्कोला परत जायची. टॅक्सीवाले हे बघतात आणि खरंच सांगतात. पण त्याच वेळी डिपार्चरच्या दारात चेक-इनची रांग बाहेर फुटपाथपर्यंत आलेली असायची. उन्हाने लाल झालेले खांदे, काजूची पाकिटं, टॉवेलात गुंडाळून बॅगेत खोचलेली फेणीची बाटली. रिकामं आलेलं ते विमान परत जाताना एकही सीट मोकळी नसायची.

हा धंदाच जोडफेऱ्यांचा आहे. आठवड्याला एक विमान येतं, नवे पाहुणे उतरवतं आणि सात-चौदा रात्री राहून झालेले जुने घेऊन जातं. हंगामातलं पहिलं विमान परत जाताना रिकामं जातं, कारण न्यायला कोणीच नसतं. शेवटचं विमान येताना रिकामं येतं, कारण आणलेल्यांना परत कोण नेणार? ऑक्टोबरातला तो एक रिकामा फेरा आणि एप्रिल-मेमधला दुसरा, या दोन्हींचा खर्च मधल्या सगळ्या तिकिटांवर वाटलेला असतो. तसंच नाताळला आलेल्यांना न्यायला जानेवारीत विमान पाठवावंच लागतं, येताना त्यात किती लोक आहेत हे विचारात न घेता. समजा ३०० सीटचं विमान १८० घेऊन आलं आणि ३०० घेऊन गेलं. दोन्ही बाजू मिळून ८० टक्के भरलं. कंपनी त्या फेरीवर समाधानी असते. तेव्हा जानेवारीच्या पहिल्या दहा दिवसांतलं रिकामं उतरणारं विमान बघून घाबरण्यासारखं काही नाही.

खरी मंदी त्याच्या पुढे आहे. जानेवारीचा तिसरा आठवडा ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि मग इंग्लंडच्या शाळांची हाफ-टर्मची एक आठवड्याची सुट्टी संपली की ईस्टरपर्यंत. या दिवसांत येतानाही विमान हलकं असतं आणि जातानाही, कारण दोन आठवड्यांपूर्वी आलेलेच कमी होते. 'बुकिंग कमजोर आहे' हे मी याला म्हणेन.

तिकीट उतरवून ही कमजोरी जाईल का? थोडी जाते, फार नाही. सुट्टीसाठी फिरणाऱ्या माणसाची तारीख तिकिटाच्या दरावर ठरत नाही, शाळेच्या वेळापत्रकावर आणि रजेवर ठरते. इंग्लंडमध्ये मुलांना शाळा बुडवून सुट्टीवर नेलं तर ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड आहे, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. दोन मुलांचं कुटुंब असेल तर सुरुवातच ३२० पौंडांनी होते. तुम्ही तिकीट शंभर पौंडांनी उतरवलंत म्हणून ते कुटुंब जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येणार नाही. शिवाय नाताळ झाल्या झाल्या तिकडे लोक पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग करायला बसतात. जानेवारी हा तिथल्या ट्रॅव्हल एजंटांचा सगळ्यात धावपळीचा महिना, पण त्यात विकलं जातं ते स्पेन आणि ग्रीस. ज्याला थंडीतून लगेच पळायचंय त्याला चार-साडेचार तासांवर कॅनरी बेटं आहेत, पाच-साडेपाच तासांवर इजिप्तचा लाल समुद्र आहे. गोव्याला दहा तास लागतात आणि व्हिसा काढावा लागतो.

आता हिशोब बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, पण आम्ही मांडायचो तसेच. एका फेरीला सहा आठवडे उरलेत, अजून ६० तिकिटं ५२० पौंडांना विकली जातील असा अंदाज आहे. ती ३८० ला काढली तर? ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर आहे. भारताच्या अंतराला इकॉनॉमीत तो एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड आहे, त्याआधी ९० होता. मंदी असो की तेजी, हा कर उतरत नाही. म्हणजे कंपनीच्या हाती ५२० मधले ४१८ राहतात आणि ३८० मधले २७८. आधीचेच २५,०८० पौंड मिळवायला ६० च्या जागी ९१ लोक लागतील. दीडपट माणसं, तीही सहा आठवड्यांत, शाळा चालू असताना. आणि जे ६० येणारच होते त्यांनाही स्वस्त तिकीट फुकटात मिळालं. आमच्या खात्यात नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचे: रिकामी सीट दिसते म्हणून हात शिवशिवतात, पण आधी विचार, स्वस्त केल्यावर जो घेईल तो नाहीतरी आला असता का?

म्हणून कंपन्या दर थोडे हलवतात, ठरावीक तारखांनाच, ठरावीक संख्येच्या सीटवरच. खरी काटछाट होते ती फेऱ्यांवर.

ती कशी होते हे तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. एक मार्ग म्हणजे दोन शहरांच्या फेऱ्या एकत्र करणं. लंडनजवळचं गॅटविक आणि मँचेस्टर दोन्हीकडून हलकी विमानं असतील तर एक रद्द, आणि त्या शहरातल्या पाहुण्यांना बसने दुसऱ्या विमानतळावर न्यायचं किंवा दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवायचं. दुसरा मार्ग, विमानच दुसरीकडे वळवणं. लोक सांगतात की गॅटविकसारख्या भरलेल्या विमानतळावर स्लॉट (उतरण्या-उडण्याची ठरवून मिळालेली वेळ) टिकवायला हंगामातल्या ८० टक्के फेऱ्या वापराव्याच लागतात, म्हणून कंपनी रिकामी का होईना उडवेल. नियम खरा आहे. हिवाळी वेळापत्रक २५ ऑक्टोबर २०२६ ते २७ मार्च २०२७ असं २२ आठवड्यांचं आहे. आठवड्याला एक फेरी धरली तर १८ वापरायच्या, म्हणजे चार आठवडे सोडले तरी स्लॉट जात नाही. जानेवारीअखेर आणि मार्चची सुरुवात मिळून बरोब्बर चार आठवडे होतात! शिवाय तो स्लॉट गोव्याच्या नावाने बांधलेला नसतो. त्याच वेळेला तेच विमान कॅरिबियनला गेलं तरी चालतं. विमानाला चाकं आहेत, तुमच्या गेस्ट हाऊसला नाहीत. या नियमावर भरवसा ठेवून फेऱ्या चालूच राहतील असं धरू नका.

आणि हे निर्णय होतात केव्हा? मंदी दिसल्यावर नव्हे. प्रवासाच्या आठ ते दहा आठवडे आधी. जानेवारीअखेरची फेरी ठेवायची की नाही हे नोव्हेंबरच्या मध्यापासून बोललं जातं आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठरतं. तेव्हा तुम्ही नाताळच्या तयारीत असता. रंग लावणं चालू असतं, गाद्या उन्हात टाकलेल्या असतात, आणि फोनवर सगळे ३१ डिसेंबरचंच विचारत असतात.

यात माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण ती तुमच्यासारख्याच एकीला भोवली. एका हंगामात आमच्या एका परदेशी टूर ऑपरेटरने जानेवारीच्या चौथ्या आठवड्यातल्या दोन फेऱ्यांची एक केली. मेल मला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. नाताळच्या धांदलीत मी तो हॉटेलांना पाठवला ४ जानेवारीला. कळंगुटच्या एका लहान हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्या आठवड्यासाठी १४ खोल्या धरून ठेवल्या होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर काढलं, ते पान उघडलं आणि पेन्सिलीने लिहिलेल्या तीन नावांवर एकेक करून बोट ठेवलं. बेळगावचा एक ग्रुप, पुण्याचे दोन. २६ जानेवारीला जोडून येणार होते, 'खोल्या नाहीत' म्हणून त्यांनी नको सांगितलं होतं. त्या तीन आठवड्यांच्या उशिरात त्यांचा अख्खा आठवडा गेला. तेव्हापासून फेरीबद्दलची कुठलीही कुजबुज मी त्याच दिवशी पुढे कळवायला लागलो.

तर आता तुमच्याकडे वळतो.

पहिलं म्हणजे तुमचा स्वतःचा कागद काढा. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत सी फॉर्म (२०२५ पासून त्याचं नाव फॉर्म-३) भरावा लागतो, तो तुम्ही भरताच. गेल्या तीन हंगामांचे सी फॉर्म म्हणजे तयार खजिना आहे: देश, येण्याची तारीख, किती दिवस राहणार. त्याच्या शेजारी आपल्या डायरीतून किंवा मेलमधून फक्त एक गोष्ट लिहायची, बुकिंग कोणत्या तारखेला आलं होतं. संध्याकाळचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. मग दिसेल की फेब्रुवारीत राहिलेल्या पाहुण्यांपैकी १५ नोव्हेंबरपर्यंत किती जणांनी बुकिंग केलं होतं. समजा दरवर्षी तोपर्यंत सरासरी सहा बुकिंग आलेली असतात आणि यंदा दोनच आली, तर कमजोरी तुम्हाला नोव्हेंबरातच कळली, जेव्हा काहीतरी करायला वेळ असतो. आम्ही याला पिक-अप बघणं म्हणायचो. दर आठवड्याला, त्याच वाराला, गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडून. आजच्या रिकाम्या खोल्या मोजण्यापेक्षा हे शंभरपट उपयोगाचं आहे.

वर्षं ताडताना ईस्टर सांभाळा. तो सरकतो आणि सगळी तुलना बिघडवतो. २०२५ ला २० एप्रिल, २०२६ ला ५ एप्रिल, २०२७ ला २८ मार्च. म्हणजे २०२५ मध्ये हाफ-टर्म ते ईस्टर हा ओसाड पट्टा जवळपास आठ आठवड्यांचा होता, येत्या हंगामात तो पाचच्या आसपास आहे. यंदा मार्च बरा गेला तर ती सुधारणा समजू नका, आणि एप्रिल कोरडा गेला तर तो तुमचा दोष नाही.

आता दर. विमानाचाच हिशोब तुमच्या खोल्यांना लावतो. समजा खोलीचा दर ३,५०० रुपये आहे. धुणं, वीज, नाश्ता, साफसफाई मिळून भरलेल्या खोलीमागे ७०० जातात. हाती २,८००. चार खोल्या भरल्या तर रोजचे ११,२००. दर १,७५० केला तर हाती १,०५० राहतात, आणि तेच ११,२०० मिळवायला बारापैकी अकरा खोल्या रोज भराव्या लागतात. त्यासाठी अकरा खोल्यांचा कामगार ठेवावा लागतो तो वेगळाच. शिवाय दर निम्मा केलेला फोटो बुकिंगच्या साईटवर राहतो, आणि पुढच्या डिसेंबरात माणूस तोच दाखवून भांडतो.

त्याऐवजी मुक्काम विका. आठवड्याला एकच थेट विमान असतं, म्हणून त्यातून येणाऱ्याचा मुक्काम ७, १४, २१ किंवा २८ रात्रींचाच असतो. त्याला पाच रात्रींची किंवा दहा रात्रींची सवलत काहीच कामाची नाही, हे आमच्या किनाऱ्यावर कितीतरी जणांच्या लक्षात येत नाही. २१ रात्रींना २,८०० आणि २८ रात्रींना २,६०० असा दर ठेवा, विमान येतं त्या वाराला धरून. चादरी तिसऱ्या दिवशी, नाश्ता हवा तर वेगळा, खोलीत एक छोटी शेगडी आणि दोन भांडी. खर्च ७०० वरून ५०० च्या आसपास येतो, म्हणजे २१ रात्रींच्या दरात अजूनही रोजचे २,३०० हाती राहतात, २८ च्या दरात २,१००. हा गिऱ्हाईक कोण? निवृत्त जोडपी. त्यांना शाळेचं बंधन नाही, जानेवारी-फेब्रुवारीत घर गरम ठेवायचं बिल वाचतं, आणि तीन-चार आठवडे एकाच ठिकाणी राहायला त्यांना आवडतं. ओसाड आठवड्यांत विमानात जे बसलेले असतात त्यातले बरेच हेच. २८ रात्री तीस दिवसांच्या ई-व्हिसात नीट बसतात, कारण तो पोचल्या दिवसापासून मोजला जातो. त्या व्हिसाची फी बहुतेक देशांना जुलै ते मार्च २५ डॉलर आणि एप्रिल ते जून १० डॉलर आहे. एप्रिलच्या जाहिरातीत ही ओळ टाका, माझ्या अनुभवात लोक अशा बारक्या गोष्टीने हलतात.

रशियन पाहुण्यांचं गणित वेगळं आहे आणि तुम्ही मोरजीत असल्याने ते माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत असेल. एवढंच सांगतो की त्यांच्या बुकिंगमागची कारणं बऱ्याचदा गोव्यात नसतात. डिसेंबर २०१४ मध्ये रूबल कोसळला आणि तो हंगाम आमच्या डोळ्यांदेखत रिकामा झाला. गोव्यात काहीच बदललं नव्हतं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर-डिसेंबर २०१५ मध्ये, इजिप्त आणि तुर्कस्तानची त्यांची विमानं बंद झाली आणि काही गर्दी इकडे वळली. त्यातही गोव्याचं कर्तृत्व नव्हतं. जुलै २०२४ मध्ये थायलंडने रशिया, ब्रिटनसह ९३ देशांना ६० दिवस बिनव्हिसा राहायला परवानगी दिली. अशी एक बातमी तुमच्या फेब्रुवारीवर तुमच्या दरापेक्षा जास्त परिणाम करते. रशियात काढलेली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं मार्च २०२२ पासून बाहेर चालत नाहीत, म्हणून आगाऊ रकमेची अट घालताना ते देणार कसे याचा आधी विचार करा, नाहीतर बुकिंग पैशांपायी अडतं. त्यांच्या सुट्ट्या ८ जानेवारीपर्यंत, मग २३ फेब्रुवारी, ८ मार्च आणि मेच्या १ व ९ तारखेच्या आसपास. मेची ती सुट्टी बरेच जण सोडून देतात, कारण तोवर इथे किनाऱ्यावरचे बरेच शॅक मोडायला लागलेले असतात.

टूर ऑपरेटरला खोल्या दिल्या असतील तर करारातला रिलीजचा आकडा आज उघडून बघा. रिलीज म्हणजे किती दिवस आधी न विकलेल्या खोल्या तुमच्याकडे परत येतात. गर्दीच्या दिवसांसाठी आणि ओसाड आठवड्यांसाठी एकच रिलीज असेल, समजा ७ दिवस, तर तो बदलून घ्या. १० जानेवारी ते १० फेब्रुवारीसाठी २१ दिवस मागा. ऑपरेटर कुरकुर करेल, पण नोव्हेंबरात देतो, जानेवारीत देत नाही. परत आलेल्या खोल्या २६ जानेवारीच्या सुट्टीला, कार्निव्हलला आणि शनिवार-रविवारी आपल्याच लोकांना जातात. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्याला मुंबई-पुण्याचा पाहुणा विमानाने सहज येतो आणि कोल्हापूर-बेळगावचा गाडीने. तो दोनच रात्री राहतो. म्हणून बाराही खोल्या त्याच्यासाठी मोकळ्या ठेवायच्या नाहीत. सात लांब मुक्कामाला, पाच शनिवार-रविवारला, असा काहीसा वाटा मी धरला असता. तुमचे सी फॉर्म बघितल्यावर तो कदाचित आठ-चार निघेल.

पैशाबद्दल एक गोष्ट. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची थॉमस कुक बंद पडली, गोव्याचा हंगाम सुरू व्हायला जेमतेम दोन आठवडे असताना. परदेशात अडकलेले जवळपास दीड लाख ब्रिटिश प्रवासी तिथल्या सरकारी यंत्रणेने परत नेले. प्रवाशाला एटॉलचं, म्हणजे सहल कंपनी बुडाली तर पैसे आणि परतीची सोय सांभाळणाऱ्या ब्रिटनमधल्या योजनेचं, संरक्षण असतं. हॉटेलच्या जुन्या थकलेल्या बिलांना तसं काही नसतं. बुकिंग कमजोर असतं त्या हंगामात ऑपरेटर पैसे उशिरा द्यायला लागतो, आणि तीच पहिली खूण असते. बिल पाहुणा गेल्यावर ४५ दिवसांनी मिळायचं असेल आणि ते ६० वर जायला लागलं, तर पुढच्या फेरीचे पाहुणे घेण्याआधी मागचे पैसे मागा. लाजू नका, मोठी हॉटेलं हेच करतात.

फेऱ्या बंद होतील का, या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर कोणाकडेच नसतं, कंपनीकडेही ऑक्टोबरात नसतं. पण तुम्हाला कळण्याचा सोपा रस्ता आहे. १५ नोव्हेंबरपासून दर सोमवारी कंपनीच्या साईटवर जा. जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा, फेब्रुवारीचा पहिला आणि मार्चचे पहिले दोन, एवढ्याच तारखांना दोन माणसांचं जायचं-यायचं तिकीट शोधा. दर थोडा हलतोय तर फेरी जिवंत आहे. एखादी तारीख अचानक 'उपलब्ध नाही' दाखवायला लागली आणि आजूबाजूच्या तारखांना भरपूर सीट आहेत, तर ती भरलेली नाही, विक्री थांबवलेली आहे. त्या दिवशी ऑपरेटरच्या गोव्यातल्या माणसाला फोन करून थेट विचारा, आणि त्या आठवड्याच्या खोल्या त्याच संध्याकाळी उघड्या करा.